गुरुजींची गवारी

आण्णा,

परवा शाळेत पालकांसमोर मी खोटं बोलले. ते तुम्हालाच सांगायला पाहिजे असं वाटलं, म्हणून बसले आहे लिहायला. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते हे तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरी करत नव्हते. दाखले लिहायचे, हजेरीपट लावायचे, मुलांच्या नावातल्या चुका दुरुस्त करायच्या, एवढंच माझं काम. शिकवण्याशी माझा काही संबंध नाही. पण आमच्या मोठ्या बाईंना कुणीतरी सांगितलं की हिचे वडील म्हणजे ते भाजीवाले गुरुजी, आणि पालकसभेत मुलं भाज्या खात नाहीत, डबे तसेच परत येतात, अशी तक्रार निघाल्यावर त्यांनी थेट माझ्याकडे बोट केलं. म्हणाल्या, ‘‘ह्यांच्या घरातच हे शास्त्र होतं, ह्या सांगतील.’’ मी उठले. तुमचा शनिवार सांगितला. तुम्ही कसे भिंतीकडे तोंड करून बसायचा, मुलं कशी मागे लागायची, सगळं सांगितलं. लोक हसले, कुणी वहीत लिहून घेतलं. मग एका तरुण आईनं विचारलं, ‘‘मॅडम, मग तुम्हाला लहानपणी कुठली भाजी आवडायची?’’ मी म्हटलं, ‘‘गवारी.’’ जीभ जरासुद्धा अडखळली नाही. टाळ्या झाल्या, मी खाली बसले, चहा घेतला, बसनं घरी आले. काही वाटलं नाही. तुम्ही गेल्यापासून तसंही मला फारसं काही वाटत नाही, आणि ह्याचंही आता काही वाटेनासं झालं आहे.

तुमची शाळा अजून आहे. मागची ती पट्टी मात्र नाही, तिथं आता सिमेंट केलंय आणि दोन मोटारसायकली उभ्या असतात. कंपाउंडची भिंत आणि नाला यांच्यामधली दहा हातांची जागा, पण तुम्ही तिच्यात काय काय उगवलं होतं. पोरांनी हात धुतलेलं पाणी नळाखालून चर काढून वाफ्यात सोडलेलं. भिंतीवर दोडका, कडेला पोकळा, मेथी, आणि मधोमध गवारी. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी तुम्ही व्हरांड्यात वातीचा स्टो पेटवायचा. आईनं पुडीत बांधून दिलेली चटणी, दाण्याचं कूट, थोडं तेल. पोरांनी घरनं नुसती भाकरी आणायची, एवढाच नियम. भाजी झाली की तुम्ही कढई घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, ‘‘कुणी मागायला येऊ नका रे. थोडीच हाय. माझ्यापुरतीच हाय.’’

एवढं म्हणायचा अवकाश, पोरं तुटून पडायची. ‘‘गुरुजी, वाईच द्या की!’’ ‘‘न्हाय. तुम्हाला तिखट लागंल.’’ ‘‘न्हाय लागत, गुरुजी!’’ ‘‘ही मोठ्या माणसांची भाजी हाय.’’ ‘‘मी मोठा हाय की!’’ मग तुम्ही नाइलाज झाल्यासारखं तोंड करून एकेकाच्या भाकरीवर चमचाभर टाकायचा. घरात ताट सोडून पळणारी पोरं ती गवारी बोटं चाटून खायची. खा असं तुम्ही कुणालाच कधी म्हणाला नाहीत. आयांना त्याचं मोठं नवल. एक बाई तर आपल्या पोराला कानाला धरून घेऊन आली होती, की गुरुजी, माझ्या हातचं हे काही खात न्हाय, तुमच्या हातात काय जादू हाय बघू तरी. तुम्ही तिला बाकावर बसवलंत आणि तिच्या पोराला भाजी देत नाही म्हणालात. दहा मिनिटांत ते पोरगं तुमच्या पाठीवर चढलं होतं.

मी पण त्याच रांगेत असायची. तिसरीत आणि चौथीत. सगळ्यांना मिळून झालं की माझी भाकरी पुढं यायची आणि तुम्ही म्हणायचा, ‘‘तुला घरात मिळती की.’’ शिक्षकाच्या पोरीला शेवटी, हा तुमचा नियम होता. खेळाच्या साहित्यात, वह्यांत, नाटकात, सगळीकडे. कुणी बोट दाखवू नये म्हणून. ते मला आज समजतं, तेव्हाही थोडं समजत होतं. पण कढईत बघितलं तर खरोखरच काही उरलेलं नसायचं.

आणि घरात म्हणजे काय, तर दिव्याखाली अंधार. शाळेत नाटक करणारे गुरुजी तुम्ही चपलांबरोबर दारातच सोडून घरात यायचा. मी आमटी-भात खायची, पापड खायची, रविवारी तांबडा रस्सा दोन वाट्या प्यायची, पण भाजी ताटात पडली की तोंड शिवल्यासारखं. ‘‘ताट मोकळं केल्याबिगर उठायचं न्हाय,’’ एवढंच तुम्ही म्हणायचा आणि पेपर उघडायचा. मी बसून राहायची. भाजी गार व्हायची, तेल थिजायचं, पायाला मुंग्या यायच्या. एकदा तुम्ही शेवटी माझ्या तोंडात घास कोंबलात आणि मी तो तिथंच ओकले. तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, ‘‘शंभर पोरांनी ऐकलं, माझ्या घरातलं एक ऐकत न्हाय.’’ मला भाजी नको होती असं नाही, आण्णा. मला ती तुमच्या पाठीवर चढून मागायची होती.

एक गोष्ट मात्र मी रोज बघत होते. गवारी असेल त्या दिवशी तुम्हीही ती खात नव्हता. भाकरीचा तुकडा तिच्यावरनं फिरवायचा, आमटीत बुडवायचा, आणि शेंगा ताटाच्या कडेला सरकवून ठेवायचा. आई त्या उचलून गवळ्याच्या बादलीत टाकायची. गल्लीच्या तोंडाला त्याची म्हैस बांधलेली असायची, सगळ्या घरांची सालं आणि देठं तिला जायची. तुम्हाला गवारीचा वासही सोसत नव्हता. शनिवारी शाळेत मात्र पहिला घास तुमचा, आणि तोही ‘‘आहाहा’’ करून. मला ह्यात काही गैर वाटत नव्हतं. मोठ्या माणसांचं असंच असतं असं मी धरून चालले होते.

मग ते शिक्षण खात्याचे साहेब आले. चौथीचं वर्ष, दुसरी चाचणी झाली होती. शाळेची बाग बघायला आले होते, म्हणून आयाबाया बोलावलेल्या, पताका लावलेल्या, तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. साहेबांनी वाफे बघितले, पोरांना भाज्यांची नावं विचारली, खूश झाले. मग म्हणाले, ‘‘गुरुजींची मुलगी ह्याच शाळेत आहे ना? कुठली?’’ मी उभी राहिले. ‘‘सांग बघू, गुरुजींची आवडती भाजी कुठली?’’ मागनं अख्खी शाळा ओरडली, ‘‘गवारी!’’ आणि मी म्हणाले, ‘‘आण्णा घरात गवारी खात न्हाईत. कडंला काढून ठेवत्यात. आई मग ती म्हशीला घालती.’’

सगळे साहेबांकडे बघायला लागले. मग साहेबच हसले, पोट धरून हसले. म्हणाले, ‘‘अरे वा गुरुजी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!’’ मग आया हसल्या, पोरं हसली, शिपाईमामा हसले. तुम्हीही हसलात. पण तुमचे कान लाल झालेले मला दिसले. मी मुद्दाम बोलले का, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. कधी वाटतं मुद्दाम, कधी वाटतं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला विचारलं, तिनं सांगितलं. पण पोरांकडे बघताना मला बरं वाटलं होतं, हे आठवतं.

घरी येताना लुनावर तुम्ही रोज मला पाढे विचारायचा. त्या दिवशी विचारले नाहीत. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणालात, ‘‘तिला भाजी वाढू नको.’’ आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. रागावला नाहीत, मारलं नाहीत, नुसतं बोलला नाहीत. मी मागं बसायची, तुमच्या शर्टाला धरायची, मनातल्या मनात पाढे म्हणायची. नवव्या दिवशी रंकाळ्याच्या वळणावर तुम्ही म्हणालात, ‘‘सतराचा पाढा म्हण.’’ मी म्हटला. तेवढ्यावर सगळं मिटलं असं मला वाटलं.

पण एक गोष्ट परत आली नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला भाजी खा असं एकदाही म्हणाला नाहीत. पहिले दोन दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. मग मी वाट बघायला लागले. दहावीत मला चक्कर आली, रक्त कमी आहे, पालेभाज्या खायला घाला असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही मान हलवलीत, औषध आणलंत, खजूर आणलात, आणि भाजीचं नाव काढलं नाहीत. माझ्या ताटात आमटी-भात, तुमच्या ताटात भाजी. आता तुम्ही गवारीही खायला लागला होता. शेंग न् शेंग संपवायचा, प्रत्येक घासावर पाणी प्यायचा, गोळी गिळल्यासारखं. मला वाटायचं हा तुमचा राग आहे. मला दाखवायला खाताय, की बघ, आता बोल काय बोलतेस ते. मी ताटावरनं डोळे काढून घ्यायची.

लग्न होऊन मी इचलकरंजीला गेले. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘‘बाप गुरुजी, जगाला भाज्या खायला घालणारा, आणि लेक भाजीचं देठसुद्धा ताटात घेत न्हाय व्हय?’’ सगळे हसले, मीही हसले. हे पुढं वर्षानुवर्षं चाललं. मला त्याचं काही वाटत नसे. मग पोरगा झाला आणि तो थेट माझ्यावर गेला. चार वर्षांचा होईपर्यंत त्यानं दूधभाताशिवाय काही खाल्लं नाही. मी त्याच्यापुढं ताट ठेवून बसायची आणि एक दिवस मला माझाच आवाज ऐकू आला, ‘‘मोकळं केल्याशिवाय उठायचं नाही.’’ त्या मे महिन्यात मी त्याला तुमच्याकडे घेऊन आले.

तुम्ही तेव्हा रिटायर झाला होता. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत गवारी लावली होती. पोराला पाणी घालायला लावलंत, शेंगा मोजायला लावल्यात, तोडायला लावल्यात. मग आईनं भाजी केली आणि तुम्ही वाटी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ‘‘मागू नगंस हां. थोडीच हाय. माझ्यापुरतीच हाय.’’ तो तुमच्या खांद्याला लोंबकळला, ‘‘आबा, मला दे की, आबा!’’ तुम्ही ताणून धरलंत, मग दिलीत, आणि त्यानं खाल्ली. परत मागितली. गेली पंधरा-सोळा वर्षं मी त्या वाटीकडे बघत आले होते. मी ताट घेऊन पुढं झाले आणि म्हटलं, ‘‘आण्णा, मला पण वाढा की.’’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग आईकडे बघितलंत. चमचा तुमच्या हातात होता. म्हणालात, ‘‘तुला कुठं आवडती गं ती.’’ आणि आईला म्हणालात, ‘‘तिला चटणीत तेल घालून दे. दाणं दे.’’ आवाजात राग नव्हता. फार मायेनं म्हणालात. मी चटणी-भाकरी खाल्ली आणि ताट धुऊन ठेवलं. मला वाटतं त्याच दिवशी माझ्यातलं काहीतरी बसलं ते बसलंच. दुखलं असं म्हणता येणार नाही. इंजेक्शन दिल्यावर दात असतो ना, आपलाच असतो पण कळत नाही, तसं.

तुम्ही गेलात ते तीन वर्षांनी, सकाळी अंघोळीला जाता जाता. मी आले तोवर तुम्हाला बाहेर ठेवलं होतं. मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडवा तिला. मला धक्काबिक्का काही बसला नव्हता. मी आईच्या शेजारी बसून कोण आलं कोण गेलं बघत होते.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर गेलो. आई घरीच थांबली. मला भाऊ नाही म्हणून सगळं चुलतभावानं केलं. पायऱ्यांवर तुमचे विद्यार्थी उभे होते, चांगले बाप्ये झालेले, एक रिक्षा चालवणारा, एक बँकेतला, दोघं-तिघं कोडोलीकडनं आलेले. निवद ठेवायची वेळ झाली तसे ते एकेक करून पुढं आले आणि प्रत्येकानं पिशवीतनं डबा काढला. सगळ्यांच्या डब्यात गवारी. कुणाच्या बायकोनं केलेली, कुणाच्या आईनं, एकानं तर स्वतः केलेली. तो रिक्षावाला हमसून हमसून रडत म्हणाला, ‘‘गुरुजींचा लय जीव हो गवारीवर. आम्हाला द्यायचे न्हाईत. एकटंच खातो म्हणायचे.’’ पानावर भाताचा गोळा आणि त्याच्या भोवतीनं गवारीच गवारी. दुसरं काही ठेवायला जागा राहिली नाही.

कावळा आला. भिंतीवर बसला, मान वाकडी करून बघितलं, आणि तिथंच बसून राहिला. काका पुढं होऊन म्हणाले, ‘‘दादा, वहिनीला अंतर देणार न्हाय. शीव आता.’’ कावळा हलला नाही. चुलतभाऊ म्हणाला, ‘‘आण्णा, पोरीच्या माहेरपणाचं मी बघतो.’’ नाही. विद्यार्थी म्हणाले, शाळेची बाग परत लावतो गुरुजी. तरी नाही. ऊन चढलं, लोक घड्याळ बघायला लागले. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, ‘‘तू काय बोल की बाई. लेकीचा शब्द लागंल.’’ मी पुढं गेले, हात जोडले आणि काही बोलले नाही. तास-दीड तासानं गाय आणली आणि तिला ते पान घातलं. तिनं सगळं खाल्लं.

घरी आल्यावर आईनं पहिलं तेच विचारलं, ‘‘शिवला काय?’’ मी म्हटलं, ‘‘न्हाय.’’ ‘‘काय काय ठेवलंतं?’’ ‘‘गवारी.’’ आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि एकदम हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. हसता हसताच तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. ‘‘अगं, त्यांना जात नव्हती गं ती. मरेस्तवर जात नव्हती.’’ मी म्हटलं, ‘‘मग घरात खात होते ते?’’ ‘‘तुझ्यापायी, बाई. तू साहेबाला सांगितलंस ना, त्या दिवशी मला म्हणाले, पोरगी खरं बोलली. आता मला गोड लागल्याबिगर तिला खा म्हणायला मला तोंड न्हाय.’’ ‘‘मग पुढं म्हणाले का न्हाईत कधी?’’ आईनं पदरानं डोळे पुसले. ‘‘मी विचारायची की. तर म्हणायचे, अजून गोड लागत न्हाय. लागली की म्हणतो.’’

जवळजवळ वीस वर्षं, आण्णा. दर आठवड्याला दोनदा तरी. हे ऐकूनही मला रडू आलं नाही. मी उठून गच्चीवर गेले. डब्यांतली गवारी पाण्याविना माना टाकून होती. मी तिला पाणी घातलं.

आता आईही नाही. पोरगा मोठा झाला, पुण्यात असतो, आणि त्याला गवारी खरोखर आवडते, नाटक नाही. उद्या येतोय म्हणून मी आज अर्धा किलो आणली आहे. निवडून झाली की रात्रीच मोडून ठेवीन. मी अजून खात नाही. करताना मिठाचा अंदाज घेते, तोही नुसत्या वासावर. तो म्हणतो, आई, तू पण घे की, आणि मी म्हणते, असू दे, तुझ्यापुरतीच आहे.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीतच. ड्रॉवरमध्ये आईच्या चष्म्याखाली ठेवीन. फक्त एक राहिलं. घाटावर तू का बोलली नाहीस, असं आईनं मला नंतर विचारलं होतं, आणि मी सुचलंच नाही म्हणून सांगितलं होतं. सुचलं होतं. कावळा येऊन बसला तेव्हाच सुचलं होतं. गवारी बाजूला काढा, त्यांना आवडत नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर तुमचे सगळे विद्यार्थी उभे होते, आणि मला भीती वाटली, की मी परत चारचौघांत तुमचं खरं सांगितलं तर तुम्ही परत आठ दिवस माझ्याशी बोलणार नाही.